नानीचं की न्हाणीचं

हमीदा, तुझ्या वांग्यांना पाणी मिळत नाही. घरात अंघोळ करणारं कुणी उरलं नाही, मग पाणी येणार कुठून?

थोडंफार मी नेते. आमच्याकडे आता फरशीचं बाथरूम आहे, त्यातलं पाणी पाइपातून सरळ गटारीत जातं. म्हणून मी मोठ्या घमेल्यात उभी राहून अंघोळ करते, ते पाणी बादलीत भरते आणि भिंतीच्या खिंडारातून तुझ्या परसात नेते. साबण लावत नाही. सुनेला हे पटत नाही. "आत्याबाई, घसरून पडलात तर आमच्याच जिवाला घोर," म्हणते. तिचंही चूक नाही. एका खेपेला अर्धी बादली जमते, आणि झाडं अकरा आहेत. एक दिवस चार, दुसऱ्या दिवशी चार, तिसऱ्या दिवशी तीन. तू असतीस तर म्हणाली असतीस, "लई हिशेबी बाई."

तुझ्या दाराला कुलूप आहे. चावी तुझी शमीम माझ्याकडे देऊन गेली. कोंबड्या तिनं वाटून टाकल्या. सुप्याच्या कंपन्यांत कामाला येणाऱ्या पोरांसाठी तिथं खोल्या बांधायच्या असं तुझ्या जावयाच्या मनात आहे. वाईट नाही, तुझ्या लेकीला चार पैसे मिळतील. आमचं परस तर केव्हाच सिमेंटखाली गेलं. तेव्हा तू मला म्हणाली होतीस, "परस गेलं, आता भांडायला कुठं जाशील?" मी म्हणाले, "तुज्याकडं येईन." आलेही. तेरा वर्षं रोज आले.

आता दिवसभरात माझं बोलणं किती होतं ते सांगते. जेवले. गोळी घेतली. टीव्ही बारीक कर. झालं.

बसायला आलेल्या बायका म्हणत होत्या, हमीदाभाभी किती गरीब स्वभावाची, कधी कुणाला उलटून बोलली नाही. मी ऐकून घेतलं. मेलेल्या माणसाबद्दल लोक काहीही बोलतात. तू आणि गरीब स्वभावाची! पण त्या तुला ओळखत नव्हत्या हे मला तिथं बसून पहिल्यांदा कळलं. इतक्या बायका खोलीत, आणि तुझ्यावर चिडलेली मी एकटीच.

परवा तुझा चाळिसावा झाला. शमीम आणि तिची नाझिया दोघी आल्या. नाझियाच्या शेतीच्या कॉलेजात जुन्या वाणांचं बी जमा करतात, हे तुला तिनं सांगितलंच असेल. बाटलीत भरून थंड कपाटात ठेवतात म्हणे. तिनं एक छापील कागद आणला होता. वाणाला गावात काय म्हणतात, किती वर्षांपासून आहे, कुणाकडून आलं. तुझं वांगं तिला त्यात घालायचं होतं. जेवणं उरकल्यावर ती खिंडारातून माझ्याकडे आली, पायरीवर बसली आणि पेन काढून म्हणाली, "शालनआजी, शंभर वर्षं लिहू ना? नानीच्या नानीचं वांगं, म्हणजे तेवढं तरी होईलच."

माझ्या हातातला चहा तसाच राहिला. त्या वांग्याबद्दल एक गोष्ट मी तुझ्यापासून बावीस वर्षं लपवली होती. आता एकतर पोरीला सरकारी कॉलेजात खोटं लिहू द्यायचं, नाहीतर तुझ्या चाळिसाव्याच्या दिवशी तुझ्या नातीसमोर तोंड काळं करून घ्यायचं.

काय केलं ते सांगते. पण आधी आपलं भांडण पहिल्यापासून सांगते. तू नेहमी मधूनच सुरू करायचीस.

मी लग्न होऊन या गल्लीत आले तेव्हा तू सहा महिन्यांची जुनी होतीस. माझ्या सासूची न्हाणी घराच्या मागं, उघड्यावर. एक मोठा दगड, त्यावर बसून अंघोळ करायची, आणि पाणी चरातून वाफ्यात. त्या पाण्यावर अळू, एक केळ आणि वांगी. हिरवी, अंगावर पांढऱ्या रेघा, देठाला असे काटे की तोडताना पदर गुंडाळावा लागे. भरून शिजवलं तरी फुटायचं नाही. चव मी सांगत बसत नाही. तू खाल्लंयस, आणि ज्यांनी खाल्लं नाही त्यांना सांगून उपयोग नाही.

सासू त्याचं बी कुणाला देत नसे. सख्ख्या लेकीलाही दिलं नाही. बियाला ठेवलेल्या वांग्याला ती तांबडी चिंधी बांधायची, म्हणजे कुणी तोडू नये. एकदा चिंधी जागेवर आणि वांगं गायब. कावळ्यानं नेलं असतं तर देठ कुरतडला असता. हा देठ नखानं खुडलेला होता. सासूनं देठ बघितला, मग माझ्याकडं बघितलं.

"तुला डोहाळं लागलं व्हय गं?"

"आत्याबाई, म्या न्हाई तोडलं."

"मग काय चिंधीनं खाल्लं?"

तीन दिवस माझ्या ताटात भाजी पडली नाही. कोरडी भाकरी आणि बोलणी. मी अठरा वर्षांची होते. आईच्या घरी आम्ही गरीब होतो, पण चोर कुणी म्हटलं नव्हतं.

पुढं दोन वर्षांनी सासूच्या वांग्यांना मर लागली. हिरवीगार झाडं दुपारून मान टाकायची, चार दिवसांत वाळायची. ठेवलेलं बी लावलं, तेही गेलं. सासू त्या वाफ्याकडं बघायचीसुद्धा नाही. आणि एका सकाळी तू भिंतीवरून रोपांची जुडी पुढं केलीस. ओल्या फडक्यात गुंडाळलेली. सासूनं ती जागा बदलून लावली, वाढवली, आणि पहिलं वांगं धरल्याबरोबर हातात घेऊन ओरडली.

"अगं ये हमीदा! ह्ये तर आमचं नानीचं वांगं!"

आमच्याकडं न्हाणीला कुणी न्हाणी म्हणत नाही. ह जातो, ण चा न होतो, आणि उरतं ते नानी. शाळेत गेलेली माणसं न्हाणी म्हणतात, मी चार इयत्ता शिकले म्हणून मलाही म्हणता येतं. सासूला म्हणायचं होतं, आमच्या न्हाणीवरचं वांगं. आणि तू डोळ्याची पापणी न हलवता म्हणालीस, "व्हय काकी, नानीचंच हाय. माज्या नानीचं. आईच्या आईचं."

 एका शब्दावर तू तिला गप्प केलंस. मी चुलीजवळ तोंडाला पदर लावून हसले. मला वाटलं, काय जागच्या जागी उत्तर दिलं हिनं. हसले, पण विश्वास ठेवला नाही.

तिथून आपलं सुरू झालं. मी म्हणायचे, रेघा त्याच, काटे तेच, चव तीच. हे न्हाणीचंच. तू म्हणायचीस, "तुज्या सासूनं काय वांग्याचा सातबारा काढलाय? माज्या नानीकडं ह्याच्या आदीपासून हुतं." मी म्हणायचे, तुझी नानी कुठली, गावाचं नाव सांग. तू दर वेळी वेगळं गाव सांगायचीस. सासू गेली, माझे सासरे गेले, तुझा नवरा गेला, भांडण चालूच. मळ्यात कुणी नवीन बाई आली की तिच्यासमोर पुन्हा पहिल्यापासून. लोकांना वाटायचं, एवढ्याशा वांग्यावरून काय या दोघी! आम्हाला दुसरं काय होतं? शेत नवऱ्यांचं, घर सासवांचं. भिंतीच्या दोन्ही बाजूंची ती चार हात जमीन तेवढी आपली होती.

माझे हे गेले तेव्हा तू दहाव्या दिवशी आलीस. बायका रडून झाल्या होत्या. तू रडली नाहीस. म्हणालीस, "चल, वाफ्यात हराळी माजलीय." दोघींनी मिळून हराळी काढली. मी पूर्ण दुपार मातीत बसले होते आणि तू एकही शब्द बोलली नाहीस. तुझ्या आयुष्यातली तेवढीच दुपार असेल. त्याबद्दल मी तुला कधी काही म्हटलं नाही. आता म्हणते. बरं केलंस.

आता ती लपवलेली गोष्ट.

शमीमला दिवस राहिले आणि तिसऱ्या महिन्यापासून त्रास सुरू झाला. डॉक्टरांनी माहेरी पाठवू नका म्हणून सांगितलं, त्यामुळे तूच नगरला तिच्याकडं राहायला गेलीस. ते टँकरचं वर्ष. माणसं आठवड्यातून दोनदा अंघोळ करत होती, झाडांना काय मिळणार? तुझ्या परसातली आणि माझ्या परसातली सगळी वांगी वाळली. उरलं होतं ते तू मडक्यात राखेत घालून ठेवलेलं बी. जाताना मडकं माझ्या हातात दिलंस. "माजं छप्पर गळतं, उंदीर हायत. तुज्या चुलीजवळ ठेव, कोरडं ऱ्हाईल."

ठेवलं. माझ्या भांडी घासायच्या राखेच्या मडक्याशेजारी ठेवलं. दोन्ही काळी, दोन्हींच्या तोंडाला फडकं.

आमच्या थोरल्याचं लग्न झालं, जागरण झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी पातेल्यांचा ढीग. मी मडकं ओढलं आणि घासायला बसले. हाताला काहीतरी बारीक लागत होतं. मला वाटलं राखेत कच आहे, चुलीच्या वैलाची राख नीट चाळली नसेल. उलट बरं वाटलं, करपलेली कढई झटक्यात निघाली. सगळी भांडी लख्ख झाली, मडकं रिकामं झालं, तेव्हा मी चुलीकडं बघितलं. माझं मडकं जागेवर भरलेलं.

मी मोरीच्या तोंडाशी गुडघ्यावर बसले. तुझ्याच कोंबड्या, ज्या तू मला सांभाळायला दिल्या होत्यास, चरात टोचा मारत होत्या. गाळ उपसला, फडक्यातून गाळला. सात बिया मिळाल्या. डब्यात माती घालून लावल्या. एकही उगवली नाही.

तुला सांगायला हवं होतं. नगरला फोन लावता आला असता, शेजारच्या दुकानातून. पण शमीमचे दिवस भरत आलेले, तुझा जीव टांगणीला. मी म्हटलं, आल्यावर सांगू. आणि मध्ये माझ्या माहेरी, काष्टीच्या बाजारात, एका बाईच्या पाटीत हिरवी रेघांची वांगी दिसली. काटे कमी होते, पण होते. तिला म्हटलं, पिकलेलं आहे का एखादं? ती म्हणाली, पिकलेलं कोन खातंय मावशी, जनावराला टाकलंय, न्या. दोन पिवळी वांगी आणली. बी पाण्यात चोळलं, तरंगलेलं टाकलं, बुडालेलं सावलीत वाळवलं, राखेत घातलं, मडकं भरलं. तू नाझियाचं बारसं का काय ते करून परत आलीस आणि मी तुझं मडकं तुला दिलं. फडकंसुद्धा तेच बांधलं.

पाऊस चांगला झाला त्या वर्षी. तू रोपं केलीस, चार मला दिलीस. पहिलं वांगं तू तोडलंस तेव्हा मी भिंतीपलीकडं उभी होते. तू ते हातात फिरवलंस. देठ बघितला, रेघा बघितल्या.  आणि तू म्हणालीस, "औंदा पानी बदललं वाटतं."

मी म्हणाले, "असंल."

बावीस वर्षं तू ते वांगं लावलंस. बावीस वर्षं चिंधी बांधलीस, बी धरलंस. आपण त्यावरून भांडत राहिलो, नानीचं की न्हाणीचं, आणि मला एकटीला ठाऊक होतं की ते दोन्ही नाही. भांडताना कधीकधी माझी जीभ अडखळायची. तुला वाटायचं, ही हरत चालली.

दवाखान्यात मी सांगणारच होते. तू पलंगावर टेकून बसली होतीस, तोंडावरचा मास्क तेवढ्यापुरता काढला होता. मी म्हटलं, "हमीदा, तुला एक सांगायचंय." तू म्हणालीस, "मलाबी." मी म्हटलं, "आदी माजं ऐक." तू म्हणालीस, "आजारी कोन हाय? आदी माजं." मी म्हटलं, "तुजं ऐकत बसले तर माजं ऱ्हातं, सारी हयात तेच झालं." तू म्हणालीस, "क्या गे शालन, मरताना तरी पैला नंबर दे." यावर आपली जुंपली, आणि भेटायची वेळ संपली म्हणून दवाखान्याच्या पोऱ्यानं मला बाहेर काढलं. मी दारातून म्हटलं, रविवारी येते. रविवारी तू नव्हतीस.

म्हणून नाझिया पेन घेऊन बसली तेव्हा मी चहा खाली ठेवला आणि तिला सगळं सांगितलं. राख, कढई, कोंबड्या, काष्टीची बाई. आत शमीम भांडी लावत होती, तिलाही ऐकू जात असणार. मी आवाज बारीक केला नाही. म्हटलं, "तुझ्या नानीचं बी माझ्या हातून गेलं. हे वांगं बाजारातलं आहे. शंभर वर्षं लिहू नकोस."

 पोरीच्या तोंडावर एक हसू येऊ लागलं आणि ते ती दाबत होती. मला राग आला.

"हसायला काय झालं गं?"

"आजी, नानीचं बी नव्हतंच ते."

"म्हणजे?"

"नानीनं दवाखान्यात मला सांगितलं. तुमच्या सासूबाई गिरणीवर गेल्या होत्या. नानीनं खिंडारातून हात घातला आणि चिंधीचं वांगं खुडलं. नख लावून. म्हणाली, काकी बी देत नव्हती, मग काय करू?"

मी पायरीवर तिच्याजवळ सरकले.

"तुम्हाला बोलणी बसली ते नानीनं भिंतीपलीकडून ऐकलं होतं. तीन दिवस ऐकलं. म्हणाली, तेव्हाच तोंड उघडायला पाहिजे होतं, भ्याले. म्हणून पुढं रोपं दिली. आणि शालनला मीच सांगणार आहे, तू सांगू नको, असं म्हणाली होती."

हमीदा, मी उठून उभी राहिले. गुडघ्याला हात न लावता उठले. "बघ!" म्हटलं. "म्या म्हनत हुते का न्हाई? न्हाणीचंच! पहिल्यापास्नं म्हनत हुते!" आणि ते मी नाझियाला म्हणाले नाही. खिंडाराकडं तोंड करून म्हणाले. तिथं कुणी नव्हतं. वाळत घातलेली शमीमची ओढणी होती.

पन्नास वर्षांवर भांडले आणि जिंकले, तेव्हा हे असं.

खाली बसल्यावर मग एकेक डोक्यात येऊ लागलं. काष्टीच्या बियाच्या त्या पहिल्या वांग्याचा देठ बघून तू ओळखलं असशील. तुझ्यासारखी बाई ओळखणार नाही असं होत नाही. पण तू काय बोलणार? जिचं वांगं चोरलं तिच्याच सुनेला, माझं बी कुठं गेलं, म्हणून विचारणार? तुझंही तोंड बंद आणि माझंही. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, इथं दोन्ही अंगणांत चांदणं. त्या कोरड्या भाकरीचा राग मला आता आला. तू समोर असतीस तर दोन दिवस बोलले नसते. तिसऱ्या दिवशी आले असते, कारण माझी सासू खरंच कंजूष होती, आणि तू ते वांगं चोरलं नसतंस तर मर लागली त्याच वर्षी ते संपलं असतं. तुझ्या चोरीमुळे ते आणखी तीस वर्षं राहिलं. मी इमानानं सांभाळलं आणि घासून टाकलं. हेही तू मला ऐकवलं असतंस.

नाझिया कागदावर काहीतरी लिहीत होती. मी म्हटलं, "आता काय लिहितेस? बाजारातलं बी कोण घेतंय?"

"बावीस वर्षं एकाच परसात धरलेलं बी आहे, आजी. दर वर्षी नानीनं निवडलेलं. ते बाजारातलं राहिलेलं नाही आता." तिनं कागद माझ्यापुढं धरला. वर्षं, बावीस. कुणाकडून आलं, काष्टीचा बाजार, तिथून शालनआजी, तिथून हमीदाबी. सगळं खरं होतं. मग नावाच्या ओळीवर माझी नजर गेली.

नानीचं वांगं.

"खोड ते," मी म्हटलं. "न्हाणीचं लिही. एवढं सगळं ऐकलंस ना? चोरीचा माल आहे तो. तुझ्या नानीची नानी कुठून आली मध्ये?"

"नानीची नानी नाही, आजी. माझी नानी."

"काय?"

"हमीदाबी माझी कोण? माझ्या आईची आई. हे वांगं तिनं लावलं, तिनं वाढवलं. मग नानीचंच नाही का?"

डोळ्याची पापणी न हलवता म्हणाली. मी तोंड उघडलं, आणि मला काही उत्तर सुचलं नाही. तू समोर असलीस की सुचायचं.